आनंदीकाकीने बघितलेले दोन देश

भिसेगावात कुणाच्या पोरीला स्थळ आलं की पत्रिका नंतर बघतात, आधी आनंदीकाकी घरी आहे का ते बघतात. ती कुणाच्या बाराव्याला खालापूरला गेली असेल तर लोक थांबतात. काकी लग्नं जुळवत नाही हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर ती मला दारात उभी करणार नाही. जुळवणारे मध्यस्थ वेगळे, ते खोटं बोलतात. काकी फक्त स्थळ बघून येते. जाते, बसते, पाणी पिते, इकडच्या तिकडच्या दोन गोष्टी करते आणि परत आल्यावर एका शब्दात निकाल देते. "द्या", नाहीतर "कळवतो म्हणा." कळवतो म्हणजे काय, ते आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

माझं स्थळही तिनेच बघितलं होतं. नवरा चांगला निघाला. त्यामुळे घरात भांडण झालं की कुणाच्या नावाने बोटं मोडायची तेवढीही सोय मला राहिली नाही, हा माझा तिच्यावरचा जुना राग. मी जया. काकीच्या भिंतीला माझी भिंत, मी घरी ब्लाउज शिवते, आणि पुढचं सगळं मी स्वतः समोर बसून बघितलेलं आहे. वाढवून सांगायची मला सवय नाही. थोडीशी आहे.

काकीची बघायची रीत अशी. दिवाणखान्याकडे ती ढुंकून बघत नाही. "सोफा काय, दुकानात पण असतो," म्हणते. हात धुवायच्या निमित्ताने ती थेट मागच्या मोरीवर जाते. मोरी बघितली की घरच्या बाईचं कसं चाललंय ते कळतं, असं तिचं शास्त्र. दुसरं, मध्यस्थाला ती तोंड उघडू देत नाही. आणि तिसरं, सगळ्यांत मोठं, विरजण. निघायच्या वेळी ती हळूच म्हणते, "आमचं विरजण नासलंय बघा. जरा शेजारून वाटीभर मागून आणा ना." यजमानीण म्हणते, अहो आमच्याच घरात आहे की. त्यावर काकी काहीतरी थातुरमातुर सांगते, पण शेजारचंच लागतं यावर हटून बसते.

एकदा कशेळ्याकडच्या एका टोलेजंग बंगल्यात बसलो होतो. मुलगा शिकलेला, गाडी दारात, पोह्यांवर काजू. काकीने विरजण मागितलं आणि यजमानीणबाईचा चेहराच पडला. शेजारच्या दारापर्यंत गेली, कडी न वाजवता परत आली. काकीने काजूसकट बशी खाली ठेवली. नंतर कळलं की बांधावरून त्या घराचं चारी बाजूंना वाकडं होतं. काकी मला रिक्षात म्हणाली, "ज्याच्याकडं वाटीभर विरजण मागता येत नाय, त्याच्याकडं आजारपणात कोण जाणार गं?" मी त्या काजूंचा विचार करत होते, पण तिचं बरोबर होतं.

आणखी एक गोष्ट तिच्या बाबतीत मानावी लागते. आपल्या सोयीसाठी तिने कधी कुणाचं स्थळ मोडलं नाही. सख्ख्या बहिणीची मुलगी, हिच्याच अंगाखांद्यावर वाढलेली, ती दूर जाणार म्हणून हिचा जीव तुटत होता, तरी "द्या" म्हणून मोकळी झाली.

तर अशा बाईच्या पुढ्यात ह्या जानेवारीत एकदम दोन देश आले.

तिचा एकुलता एक मुलगा संतोष साजगावच्या एका कारखान्यात फिटर आहे. तिथे पत्र्याचे डबे बनवायची यंत्रं तयार होतात. यंत्र परदेशी गेलं की ते बसवायला आणि चालतं ठेवायला फिटरही जातो. संतोष एकदा घानात, तेमा नावाच्या बंदरात राहून आला. तिथे टोमॅटोचे डबे भरतात. एकदा नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला, तिथे माशांचे. दोन्ही वेळा एकटा गेला होता. आता कंपनीने सांगितलं की पाच वर्षांसाठी जा, बायकोमुलीला घेऊन जा, दोघांतला कुठला देश ते तुझं तू ठरव आणि सोमवारी सांग. आईला न्यायची मात्र सोय नव्हती.

म्हणजे कुठलाही देश पसंत पडला, तरी संतोष, सून नम्रता आणि तिसरीतली नात समीक्षा, तिघंही जाणार, आणि काकी मागे एकटी राहणार. तिचे यजमान भिवाजीकाका, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. आणि एवढं सगळं समोर असताना संतोषने काय करावं? आईपुढे मांडी घालून बसला आणि म्हणाला, "आई, तू सांगशील तो देश. दोन्ही नको म्हणालीस तर नाय जायचं."

मी मनात म्हटलं, संपलं. दोन्ही देशांना कळवतो. मी असते तर नॉर्वेत घरोघरी नाग निघतात म्हणून सांगितलं असतं.

काकी म्हणाली, "देश म्हंजे काय, स्थळच की. बघू." मग संतोषकडे बोट करून, "तू मध्यस्थ. तुझं तोंड बंद."

"मी मध्यस्थ? अगं मी तुझा मुलगा हाय!"

"दोन्ही घरचं मीठ खाल्लंस ना? मग तू खरं बोलायचा नायस."

संतोषला वालाच्या शेंगांची पाटी सोलायला देऊन पडवीत बसवलं. देशाला भेटता येत नाही, म्हणून काकीने तो जिथे राहिला होता त्या दोन्ही घरमालकिणींना फोनवर बघायचं ठरवलं. दोघीही काकीच्याच वयाच्या, दोघीही विधवा. दुभाषी नम्रता. ती कर्जतच्या बाजारात औषधांच्या दुकानात बसते, आणि गोळ्यांच्या पाकिटातली बारीक अक्षरं वाचून वाचून तिचं इंग्रजी आमच्या आळीत एक नंबर आहे. म्हणजे जिला जायचं, तिनेच प्रश्न विचारायचे आणि तिनेच उत्तरं सांगायची. तिला स्वतःला काय वाटतं हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

शुक्रवारी दुपारी तीनला नॉर्वे. काकी ठेवणीतलं लुगडं नेसून बसली आणि तिने चक्क पोहे केले.

"अहो आई, फोनमधली बाई पोहे कशी खाणार?" नम्रता म्हणाली.

"रीत म्हंजे रीत."

पोहे मी खाल्ले.

फोन लागला. पडद्यावर उंच, पांढऱ्या केसांची, हातात विणकाम घेतलेली बाई. तिचं नाव बोर्घिल्ड. काकीने त्या नावाला हात न लावता तिला "बाई" करून टाकलं. पण बाईच्या मागे खिडकीत मिट्ट काळोख.

"निजलेली उठवली का गं तिला?"

नम्रताने विचारून सांगितलं, "नाय आई, तिकडं सकाळचे साडेदहा झालेत. ह्या दिवसांत तिथं सूर्य उगवतच नाय."

काकीने खिडकीतला काळोख पुन्हा न्याहाळला. मग म्हणाली, "म्हंजे आपल्याकडं भारनियमन विजेचं, त्यांच्याकडं सूर्याचं. असू दे. मोरी दाखव म्हणावं."

बोर्घिल्डबाईने फोन घेऊन न्हाणीघर दाखवलं. दारात जोडे काढून ठेवलेले दिसले तेव्हा काकीने माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे माणसं आपल्यातली. न्हाणीघराची जमीन आतून गरम असते असं कळल्यावर पडवीतून संतोष ओरडला, "खरंच गरम असते, आई!" त्याला आणखी एक पाटी मिळाली. काकी मात्र डोळे बारीक करून बघत होती. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "जये, मोरी वाळलेली हाय. घरात माणूस नाय गं."

मग प्रश्नांची सरबत्ती. पाणी? नळाचंच पितात. काकीने बाईला समोर पेलाभर प्यायला लावलं. बस? बर्फ पडला तरी वेळेवर येते. भाव? पाव महागला तर पेपरात छापून येतं. दवाखाना? संतोषने बर्फावरून घसरून मनगट मोडून घेतलं होतं, तेव्हा त्याला गाडीतून नेलं, प्लास्टर घातलं, कॉफी दिली, आणि एका बाईने शेजारी बसून मन कसं आहे ते विचारलं.

"मनाला काय झालं? हात मोडला ना?"

"ते तसंच विचारतात, आई."

"आणि बघायला कोण आलं त्याला?"

इथे बोर्घिल्डबाई जरा अडखळली. म्हणाली, मी सूप करून त्याच्या दाराबाहेर ठेवायचे. आत जायचं तर आधी विचारायला हवं ना.

"दाराबाहेर?" काकीचा आवाज चढला. "मांजराला ठेवतात तसं?"

नम्रताने ह्याचं भाषांतर काय केलं कोण जाणे, बाई हसली. मग शाळेचं निघालं. समीक्षाएवढ्या मुली तिकडे काळोखात, अंगावर चकाकणाऱ्या पट्ट्या लावून एकट्या चालत शाळेत जातात. "एकट्या?" काकीने विचारलं. एकट्या. "काळोखात?" काळोखात. "आणि घोर नाय लागत कुणाला?" बाईला तो प्रश्नच समजला नाही. नम्रताने तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारला, तरी समजला नाही. काकीने समीक्षाकडे एकदा वळून बघितलं.

आणि मग आलं विरजण. बोर्घिल्डबाईच्या शेजारी अकरा वर्षं एक लायफ नावाचा माणूस राहतो. अकरा वर्षांत ही त्याच्या घरात गेलेली नाही. काकीने सांगितलं की आत्ता जा आणि वाटीभर विरजण माग. बाईच्या हातातलं विणकाम गळालं. असं एकदम जाता येत नाही, म्हणाली, मी निरोप धाडते, गुरुवारी जाईन.

"विरजणाला गुरुवार?" काकी उभीच राहिली. "नम्रता, सांग तिला, आत्ताच्या आत्ता."

काकीच्या आवाजाला भाषा लागत नाही. बाई उठली. कोट घातला, टोपी घातली, गुडघ्यापर्यंतचे बूट घातले आणि फोन हातात धरून काळोखात निघाली. बर्फ पायाखाली करकरत होता. भिसेगावात आम्ही श्वास धरून बसलो होतो. माझी सुई ब्लाउजमध्ये अर्धी राहिली, संतोष शेंग हातात घेऊन दारात आला, समीक्षा काकीच्या मांडीवर चढली. दार वाजलं. दार उघडलं. मोज्यांत उभा असलेला एक अगडबंब माणूस, बाईला बघून त्याचा रंगच उडाला. हातातला चालू फोन बघून त्याने इंग्रजीतच विचारलं, कोण गेलं, आणि नम्रता भराभर सांगत गेली. कोणी नाही गेलं, दही हवंय. दही? दही. माणूस आत गेला आणि अख्खा डबा घेऊन आला. आणि वर म्हणाला, कॉफी उकळतेय, आत ये.

बाईने फोन टेबलावर उताणा ठेवला आणि ती आम्हाला विसरली. कितीतरी वेळ आम्ही सगळे लायफचं छत बघत बसलो. मधून मधून हसण्याचा आवाज यायचा.

"काय बोलतात गं?" काकीने विचारलं.

"आता त्यांच्या भाषेत बोलतायत आई, मला नाय कळत."

"मला कळतं," काकी म्हणाली. "आता मला एक सांग जये, ह्यांच्याकडं दार वाजवलं तर उघडतात. वाजवत नाय कोणी, एवढंच."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला घाना. इथे काकीला मोरी बघायला मागायची वेळच आली नाही, कारण फोन लागला तेव्हा तो बहुतेक मोरीवरच होता. पडद्यावर आंटी अजोआ मावत नव्हती. तिच्या मागे माणसंच माणसं. कोण घरचं, कोण शेजारचं, कोण नुसता रस्त्याने जाता जाता डोकावलेला, काही पत्ता लागेना. काकीने तोंड उघडायच्या आत अजोआनेच विचारलं, जेवलात का? संतोष बारीक का झाला? सून हीच का? मग हसायला काय झालं तिला?

मागे अंगणात दोन बाया भलंमोठं उखळ घेऊन काहीतरी कुटत होत्या. एक मुसळ मारायची आणि दुसरी दोन घावांच्या मध्ये हात घालून गोळा फिरवायची. काकी बघतच राहिली. तिच्या लहानपणी भात असंच कांडायचे. "हात सांभाळ गं!" ती ओरडली, आणि तिकडच्या बाईने खरंच हात मागे घेतला.

तिकडे माणसाला जन्मवारावरून नाव ठेवतात. संतोष शुक्रवारचा, म्हणून तिथे सगळे त्याला कोफी म्हणायचे. अजोआ म्हणजे सोमवारची. काकी मंगळवारची, हे तिला आईने सांगितलं होतं. "मग तू अबेना," अजोआ म्हणाली, आणि मागच्या सगळ्या गर्दीने "अबेनाऽऽ" म्हणून हाळी दिली. काकी लाजली. मी तिला इतक्या वर्षांत लाजलेली बघितली नव्हती.

संतोषला तिथे मलेरिया झाला होता. अजोआ उशाशी बसून राहिली, तिखटजाळ रस्सा पाजला, औषध थुंकला म्हणून एक चापटही दिली. तापात तो आई आई करायचा, आणि ही "हो, हो" म्हणायची. काकीने पदर डोळ्यांना लावला.

तेवढ्यात तिकडचा पंखा थांबला आणि सगळी गर्दी "ओऽऽ" म्हणाली. वीज गेली होती. नम्रता ते समजावून सांगते न सांगते तोच भिसेगावचीही गेली. आमच्याकडे अंधारगुडुप. फोनमधून अजोआचा आवाज आला, "अबेना, तुझ्याकडेपण?" आणि दोघी म्हाताऱ्या अशा हसत सुटल्या की बोलायला येईना. काकी मला अंधारात चापट्या मारत होती. तिकडे वीज आली तेव्हा त्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या टाळ्यांवर आम्हीही वाजवल्या.

आता आमची अख्खी आळी दारात जमली होती आणि सगळ्यांचं मत घानाला. मी तर ओरडतच होते, "काकी, घाना! घानाला द्या म्हण!"

"जये, तुला देश नाय आवडला, वरात आवडली," काकी म्हणाली. आणि शांतपणे एकेक विचारायला लागली. टोमॅटोचा भाव? अजोआ म्हणाली, सकाळचा सांगू की संध्याकाळचा? दवाखाना? डॉक्टर हुशार आहेत, पण आधी गाडी शोधायची, मग खाट शोधायची, मग औषध शोधायचं. शाळा? चांगली हवी तर लांब. साठवलेला पैसा? तो पेटीत ठेवल्या ठेवल्या आंबतो.

"अगदी आपल्यासारखं," मी म्हटलं.

समीक्षाने विचारलं, "आजी, मग आपल्या देशाला किती मार्क?"

"आपला देश माहेर हाय गं. माहेराला कोणी मार्क देतं का?"

आणि मग काकीने तो प्रश्न विचारला, जो ती प्रत्येक स्थळाला अगदी शेवटी विचारते. तुमची स्वतःची लेक असती, तर ह्या घरात दिली असतीत का?

नम्रताने भाषांतर केलं.  अजोआने मागे वळून सगळ्यांना बाहेर काढलं, आणि पहिल्यांदाच तिच्या मागे रिकामी भिंत दिसली. मग ती हळूहळू बोलली आणि नम्रता तसंच हळूहळू सांगत गेली. "घरमालकीण म्हणून विचारशील तर म्हणेन, आजच ये. आई म्हणून विचारशील, तर माझे दोन्ही मुलगे मीच थंडीच्या देशांत धाडलेत. इथं माणूस पडत नाही, कारण बाजूला माणसं उभी असतात. पण अबेना, ती माणसंही दमतात."

 काकीने इतकी स्थळं बघितली, पण स्वतःच्या विरुद्ध बोललेलं स्थळ तिने पहिल्यांदा बघितलं होतं.

"मग तू एकटी?" तिने विचारलं.

"म्हणून तर खोल्या भाड्याने देते. कोफी माझ्या थोरल्याच्या खोलीत राहायचा."

पडवीतून संतोष चोरट्या आवाजात म्हणाला, "नॉर्वेत पण तसंच, आई. तिच्या मुलाच्या खोलीत."

ह्या वेळी काकीने त्याला पाटी दिली नाही. म्हणाली, "म्हंजे माझा एक पोरगा दोन म्हाताऱ्यांना पुरला. मलाच नाय पुरला."

रविवारी सकाळी मी तिच्याकडे गेले. काकी एकच पातेलं घासत बसली होती. ते कधीच लख्ख झालं होतं. मी म्हटलं, "काकी, सरळ नको म्हण. तुझा मुलगा, तुझा हक्क. कोण तुला बोलणार आहे?"

"मला नको हायत गं ती जायला," काकी म्हणाली. पातेलं बाजूला ठेवून तिने तोंड झाकलं. "समीक्षा माझ्या कुशीत झोपते. नम्रता कामावरून आली की आधी मला दिवसभराचं सांगते, मग चहा घेते. मी काय भिंतीला विचारू, आज दुकानात कोण आलं होतं?"

मला भडभडून आलं. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, दोन्ही देश गेले. मला वाईट वाटत होतं आणि आनंदही होत होता. माझ्या भिंतीपलीकडचं घर भरलेलं राहणार होतं.

दुपारी पुन्हा नॉर्वे. काकीने परत पोहे केले, परत तेच लुगडं. बोर्घिल्डबाई दिसली, आणि तिच्या शेजारी कप घेऊन लायफ. काकीने मला चिमटा काढला. मग तिने बाईलाही तोच प्रश्न विचारला, तुझी लेक असती तर?

नॉर्वेचे लोक उत्तर देण्याआधी खरंच विचार करतात. इतका, की फोन अडकला असं वाटून समीक्षाने तो हलवून बघितला. मग बाई म्हणाली, "मला मुलगा आहे. चार तासांवर राहतो. मला त्याची आठवण येते, रोज येते. पण त्याची काळजी मी कधी केलेली नाही. करावी लागली नाही."

काकी खाली बघून लुगड्याची घडी सारखी करत बसली. तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, आठवण आणि घोर ह्या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हेच तिच्यासाठी नवीन असावं. आपल्याकडे त्या एकत्रच येतात.

मी वाट बघत होते, कळवतो म्हणायची. नम्रता मान खाली घालून उभी होती. संतोष दारात.

बोर्घिल्डबाईने विचारलं, "तुम्हाला मला काही सांगायचं आहे का? माझा वरचा मजला रिकामाच आहे. ते आले तर मला काही माहीत असायला हवं का?"

"संतोषचं काय सांगायचं, तू बघितलायस त्याला," काकी म्हणाली. नम्रता सांगत गेली. "समीक्षाला गारठ्यात कानात कापूस लागतो. ती नाय म्हणेल, तरी घाल." नम्रताने तेही सांगितलं. मग काकी पुढे सरकली, फोनच्या अगदी जवळ, जणू नम्रता तिथे नव्हतीच.

"आणि माझी सून. ती आपणहून जेवायला बसत नाय. सगळ्यांना वाढते, मग ओटा पुसते, मग उद्याचं काय ते बघते, आणि मग उरलंसुरलं उभ्यानं खाते. नवऱ्याच्या ध्यानात येत नाय. तिला हाक मारावी लागते. मी मारते रोज. तू मार."

 नम्रताने तोंड उघडलं आणि मिटलं. भाषांतर करायची ती, पण तिला शब्दच फुटेना. तिने ओढणी तोंडात कोंबली आणि काकीच्या पाठीवर कपाळ टेकलं.

"काय म्हणाली ती?" तिकडून बाई विचारत होती. "काय म्हणाली?"

शेवटी तोंड बंद ठेवायला सांगितलेला मध्यस्थ पुढे आला. संतोषने मोडक्यातोडक्या इंग्रजीत, फरशीकडे बघत, आपल्या आईचं म्हणणं सांगितलं. त्याचे कान लाल झाले होते. बोर्घिल्डबाईने शांतपणे ऐकून घेतलं, लायफकडे बघितलं, आणि अगदी कामाचं बोलावं तसं विचारलं, "हाक किती वाजता मारायची? आमच्याकडे साडेचारला जेवतात."

"साडेचारला?" काकी किंचाळली. "साडेचारला कोण जेवतं? ती काय जेवणाची वेळ हाय?" तिने नाक पुसलं, मागे हात नेऊन नम्रताच्या डोक्यावर ठेवला. "बरं. साडेचार तर साडेचार. पण मोठ्यानं मार म्हणावं, पहिल्या हाकेला ती येत नाय."